नाशिकला नवे आहात? हिवाळ्याच्या सुट्टीत डोंगरात जाण्याआधी हे वाचा

बदली होऊन, शिकायला किंवा लग्न होऊन नाशिकला आलेल्या माणसाला दिवाळी उलटली की सोसायटीत, ऑफिसात एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा थंडीत कुठे?" माझं माहेर रत्नागिरीकडचं. तिथे थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर आणायचा, एवढंच. इथे आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मी ज्याला त्याला विचारत फिरले. कोणता डोंगर, कधी, कसं, आईला नेता येईल का, लहान मुलगा चढेल का? प्रत्येकाचं उत्तर वेगळं. तुम्हाला ती वणवण करावी लागू नये, म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे.

१. आधी इथली थंडी ओळखा

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. परतीचा पाऊस थांबला, ऑक्टोबरचा उकाडा सरला की आभाळ स्वच्छ होतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब मोकळ्या आभाळात सोडून देते. त्यात उत्तरेचे कोरडे वारे सुरू झाले की पारा भराभर उतरतो. हिमाचल-काश्मीरात बर्फ पडून गेल्याची बातमी आली की दोन-चार दिवसांत इथे हुडहुडी भरणार, हे जुन्या नाशिककरांना पाठ असतं. उलट बंगालच्या उपसागरात वादळ झालं आणि ढग आले, तर ऐन डिसेंबरात थंडी गायब होते आणि अवकाळीची धास्ती सुरू होते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज बघताना फक्त तापमान बघू नका, ढगही बघा.

नव्या माणसाला एक गोष्ट पटायला वेळ लागतो. रात्रीची खरी थंडी डोंगरमाथ्यापेक्षा खाली खोलगट भागात जास्त असते. गार हवा जड असते, ती उतारावरून ओघळत नदीकाठी, धरणाकाठी साचते. म्हणून गोदाकाठचं सपाट निफाड दर हिवाळ्यात बातम्यांत येतं. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर कडाक्याच्या लाटेत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद होते, कधी त्याहूनही खाली. अशा पहाटे पिंपळगाव बसवंतच्या बाजूने गेलात तर द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवलेल्या दिसतील. धूर वर चढत नाही, कमरेइतक्या उंचीवर आडवा पसरून बागेतच रेंगाळतो. शेतकऱ्याला तेच हवं असतं, कारण थंडीने मण्यांची फुगवण थांबते आणि मणी तडकतात. कुणी पहाटेच ठिबक सोडतं, तेही याचसाठी. त्या बागेत फोटोसाठी शिरू नका. शेतकऱ्याचा वर्षभराचा पैसा त्या वेलीवर लटकलेला असतो.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. मुक्काम तंबूत असेल तर अगदी पाण्याच्या काठाला तंबू लावू देऊ नका, थोडी उंचावरची जागा मागा. आणि पहाटे गाडी काढणार असाल तर नदी-धरणाजवळच्या सखल रस्त्यावर धुकं असेल हे धरून चाला.

दिवसा मात्र ऊन चांगलंच लागतं. दुपारी पारा २८ अंशांच्या आसपास जातो. सकाळी कानटोपी आणि दुपारी गॉगल, असा हा हिवाळा आहे.

२. तारीख ठरवताना

माझं स्पष्ट मत सांगते. दिवाळीनंतरचे दिवस ते डिसेंबरचा मध्य हा इथल्या डोंगरांचा सर्वांत चांगला काळ. गवत अजून पूर्ण वाळलेलं नसतं, गडांवरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांत भरपूर पाणी असतं, हवा स्वच्छ असल्याने लांबच्या रांगा दिसतात आणि गर्दी कमी असते.

पण सुट्टी सगळ्यांना तेव्हा मिळत नाही. बऱ्याच सीबीएसई आणि मिशनरी शाळांना नाताळात आठवडाभर सुट्टी असते, राज्य मंडळाच्या अनेक शाळांना फक्त २५ तारखेची. २५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात मुंबई-पुण्याची माणसं इगतपुरी, भंडारदरा, त्र्यंबक आणि गंगापूर धरणाकडे लोटतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईकरांना इगतपुरी आणखी जवळ झाली आहे. त्याच आठवड्यात निघावं लागलं तर पश्चिमेला-दक्षिणेला जाऊ नका, उत्तरेला जा. बागलाण, कळवण, चांदवड या बाजूला तेव्हाही निवांतपणा मिळतो.

३१ डिसेंबरच्या रात्री कळसुबाई चढून नव्या वर्षाचा सूर्योदय बघायचा, ही अनेकांची हौस असते. त्या रात्री लोखंडी शिड्यांपाशी रांगा लागतात आणि घामाने भिजलेल्या अंगावर वारा घेत लोक ताटकळतात. तोच सूर्योदय पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी बघा.

३. कोणत्या दिशेला जायचं

नाशिकभोवती चार डोंगररांगा एका दिवसाच्या टप्प्यात आहेत. पश्चिमेला त्र्यंबक रांग, दक्षिणेला कळसुबाईची, उत्तरेला सातमाळा आणि त्याही पलीकडे बागलाणातली सेलबारी-डोलबारी. घरातली माणसं बघून दिशा निवडा. उंचीच्या आकड्यावर निवडाल तर सासूबाई पायथ्याशी बसून राहतील आणि मुलं अर्ध्यात रडतील.

*पहिल्यांदाच जाताय, बरोबर मुलं आहेत:* अंजनेरी. त्र्यंबक रस्त्यावर शहरापासून २० किलोमीटरच्या आसपास. अंजनीमातेमुळे आणि हनुमानाच्या जन्मस्थानाच्या श्रद्धेमुळे वाट वाहती असते, पायऱ्या आहेत, वर तळं आहे, खाली गावाजवळ जुन्या मंदिरांचे अवशेष आहेत. माकडं फार. खाऊ हातात धरून चालू नका आणि पिशवी उघडी ठेवू नका. इथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं राहतात आणि त्यांचा घरट्यांचा काळ हिवाळ्यातच असतो. मोठ्याने गाणी, फटाके, ड्रोन इथे नकोच.

*घरात वयस्कर माणसं आहेत:* सप्तशृंगी गड, वणी. नांदुरीहून घाटाने वर गाडी जाते. पायऱ्या झेपत नसतील तर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, ती मंदिराजवळ नेऊन सोडते. रविवार, मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून जा, दर्शन शांतपणे होतं. वर वारा फार असतो, आजीआजोबांना कान झाकायला सांगा. जाता-येता वणीचा घाट आणि मार्कंड्या डोंगर डोळे भरून बघायला मिळतो.

*तरुण मंडळी, चढायची सवय आहे:* कळसुबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात येतं, पण नाशिकहून घोटीमार्गे बारी गाव गाठणं सोपं. अवघड जागी शिड्या आहेत. हा अभयारण्याचा भाग आहे, प्रवेश शुल्काची पावती घ्या आणि जपून ठेवा.

*इतिहासाची ओढ असेल तर:* साल्हेर. याच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नाशिकमध्ये कित्येक वर्षं राहूनही अनेकांनी तो पाहिलेला नसतो. १५६७ मीटर उंचीचा हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये याच्या पायथ्याच्या मोकळ्या मैदानात मराठ्यांनी मोगली फौजेला समोरासमोर लढून हरवलं. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत नाशिक जिल्ह्यातला हा एक. वर पोचलात की आधी कातळात खोदलेल्या पायऱ्या, मग एकामागून एक दरवाजे, गुहा, गंगासागर तलाव, आणि सगळ्यांत वर परशुरामाचं छोटं मंदिर. शेजारी सालोटा किल्ला उभा. हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळी तिथून बागलाणचे सुळके आणि गुजरातेतले डांगचे डोंगर एका नजरेत येतात. नाशिकहून सटाण्यामार्गे शंभर किलोमीटरच्या पुढे जावं लागतं, म्हणून एका दिवसात उरकायचा हट्ट नको. आदल्या संध्याकाळी साल्हेरवाडीत किंवा वाघांब्यात मुक्काम करा आणि उजाडताच चढायला लागा.

*हरिहर पहिल्या खेपेला नको.* त्र्यंबक रांगेतल्या या किल्ल्याच्या उभ्या दगडी पायऱ्यांचे फोटो बघून सगळ्यांना तिथेच जायचं असतं. पायऱ्यांत हाताला खोबण्या आहेत, चढणं जमतं. अडचण गर्दीची आहे. चढणारे आणि उतरणारे त्याच अरुंद जिन्यावर समोरासमोर येतात आणि मध्येच अडकलेल्या माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही. शनिवार-रविवारी तर जाऊच नका. वन विभाग अधूनमधून संख्येवर मर्यादा घालतो, आधी चौकशी करा. लहान मुलं आणि उंचीची भीती असणारे यांना खालूनच दाखवा.

*चढायचंच नसेल:* सापुतारा किंवा नांदूरमध्यमेश्वर. सापुताऱ्याच्या रस्त्याला सुरगाणा तालुक्यात शेतकरी रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकतात, डिसेंबरपासून ती मिळू लागते. सापुतारा गुजरातेत आहे आणि तिथे दारूबंदी आहे. गाडीत बाटली असेल तर नाक्यावर अडचण होईल. नांदूरमध्यमेश्वर डोंगरात नाही, गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्याचं पाणथळ आहे, पण डोंगर चढून पाय दुखत असताना दुसऱ्या दिवशी जायला याच्यासारखी जागा नाही. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ हेच. चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं हिवाळ्यात इथे मुक्कामाला येतात. सूर्य उगवायच्या वेळी पोचा आणि तिथला स्थानिक गाईड घ्या. त्याला दिसतं ते आपल्याला दुर्बिणीतूनही दिसत नाही.

४. जवळ ठेवायची कागदपत्रं

- प्रत्येक प्रौढ माणसाचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र. मुक्कामाच्या जागी सगळ्यांचं मागतात, एकाचं देऊन भागत नाही.
- वाहन परवाना, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमध्ये असतील तर नेटवर्क असतानाच उघडून ठेवा.
- फास्टॅगमध्ये शिल्लक. घोटीच्या टोलनाक्यावर ती नसल्याचं कळणं बरं नाही.
- एसटीने जाणाऱ्या ज्येष्ठांचं वयाचा पुरावा देणारं ओळखपत्र. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत. महिलांना मार्च २०२३ पासून सरसकट अर्धं तिकीट आहे.
- नेहमीच्या औषधांची चिठ्ठी आणि औषधं. दम्याचा पंप पिशवीत नको, खिशात हवा.
- सुटे पैसे. यूपीआय गावोगावी आहे, पण ते चालायला रेंज लागते आणि साल्हेर-हरिहरकडे ती भरवशाची नाही. नकाशाही घरूनच उतरवून घ्या.

५. कपडे आणि सामान

एक जाडजूड जाकीट घेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर घ्या. आत घाम शोषून लवकर वाळणारा टीशर्ट, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पातळ जर्किन. चढताना काढत जायचं, थांबलं की लगेच घालायचं. सुती बनियन घामाने भिजलं की माथ्यावरच्या वाऱ्यात अंग गार पडतं, म्हणून पाठपिशवीत एक कोरडा टीशर्ट असू द्या. स्वेटर-कानटोप्यांसाठी शरणपूर रोडवरचं तिबेटियन मार्केट बघा. घासाघीस चालते.

बूट खोल नक्षीच्या तळव्याचेच हवेत. थंडीत वाटांवरची माती सुटी होते, बारीक खडी आणि वाळकं गवत पायाखालून सरकतं. त्याला इथे घसारा म्हणतात आणि पडझड बहुतेक उतरताना, या घसाऱ्यावर होते.

बाकी: माणशी तीन लिटर पाणी (थंडीत तहान लागत नाही, तरी घोट घोट पीत राहा), डोक्याला लावायची बॅटरी, तिचे जादा सेल, शिट्टी, क्रेप बँडेज, गूळ-शेंगदाण्याचे किंवा तिळाचे लाडू, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. हवा फार कोरडी असते, ओठ आणि टाचा फुटतात. मी माहेराहून कोकमाचं तेल आणते, रात्री गरम करून टाचांना लावते.

६. एसटी की गाडी

त्र्यंबक आणि अंजनेरीला गाडीची गरजच नाही. एसटी आहे, सिटीलिंकची बसही जाते. वणीलाही एसटी भरपूर. बारी, हर्षेवाडी (हरिहरच्या पायथ्याचं गाव), साल्हेरवाडीकडे मात्र बस कमी असतात आणि परतीची शेवटची बस लवकर सुटते. जातानाच कंडक्टरला परतीची वेळ विचारा, तो सांगेल ती खरी. सिंहस्थ २०२६-२७ ची कामं असल्याने नाशिक-त्र्यंबक बाजूला वळणरस्ते आणि खोळंबे धरूनच वेळ काढा.

७. मुक्काम आणि जेवण

पायथ्याच्या गावांत घरगुती जेवण आणि झोपायला ओसरी मिळते. मला रिसॉर्टपेक्षा हेच आवडतं. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती, तिखट किती, हे सांगा. आयत्या वेळी पंधरा जणांनी दारात उभं राहून "काकू, जेवायला मिळेल का?" विचारणं त्या घरावर अन्याय आहे. नागलीची (म्हणजे नाचणीची) भाकरी, उडदाचं घुटं, खुरासणीची (कारळ्याची) चटणी मागा. पनीर मागू नका. भाकरी तव्यावरून थेट ताटात येईल, ती फुगलेली असतानाच फोडा आणि वाफेवर तेल-चटणी घाला. पैसे ठरलेत तेवढे पूर्ण द्या.

तंबूचं बुकिंग असेल तर तीन गोष्टी फोनवरच विचारा. खाली जाड चटई देता का? कारण पाठीला जमिनीतून लागणारी थंडी पांघरुणाने थांबत नाही. संडास किती माणसांमागे एक? आणि रात्री स्पीकर किती वाजता बंद होतो? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा बघा.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी, निखाऱ्याचं घमेलं अजिबात ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. हाच वायू बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमधूनही साचतो. मुक्कामाच्या जागी आणि तुमच्या भाड्याच्या घरातही, गिझर बाहेर बसवलेला नसेल तर खिडकी उघडी ठेवूनच अंघोळ करा. थंडी वाजली तरी चालेल.

८. दिवस सूर्यावर बांधा

डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. डोंगराच्या पूर्वेकडच्या वाटा तर साडेचारलाच सावलीत जातात. म्हणून उजाडता उजाडता पायथा सोडा, अकराच्या आत माथा गाठा, आणि दुपारी दोन वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा. माथा अर्ध्या तासावर राहिला असला तरी फिरा. हा नियम घरून निघतानाच सगळ्यांकडून कबूल करून घ्या, वर गेल्यावर कुणी ऐकत नाही.

९. कशाला जपायचं

*आग्या मोहोळ.* कड्यांना, जुन्या दरवाजांच्या कमानींना मोठाली पोळी लटकलेली असतात. धूर, अत्तर-डिओ, आरडाओरडा, दगड मारणं यांनी माश्या उठतात. उठल्याच तर तोंड-डोकं कापडाने झाका आणि हात न झाडता लांब जा. खूप डंख झाले असतील, श्वास लागत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.

*वणवा.* जानेवारीत गवत इतकं वाळतं की एक विडी पुरते. गडावर, रानात शेकोटी नको. कुठे वणवा दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

*बिबट्या.* इगतपुरी, निफाड, दिंडोरी, सगळीकडे आहे. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं बाहेर सोडू नका, लघवीलासुद्धा.

*टाक्यांचं पाणी.* गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पिऊ नका. पिण्याच्या टाक्यात पाय बुडवून बसणाऱ्यांना हटका.

अपघात झाला तर ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८. पण रेंज नसताना आधी मदतीला येतो तो गावातला माणूस. म्हणून चढण्याआधी जिथे चहा घ्याल तिथे आपलं नाव, माणसं किती आणि कधी परत येणार, हे सांगून ठेवा. उतरल्यावर तिथे तोंड दाखवा, नाहीतर ते शोधत बसतात.

१०. डिसेंबर हुकला तर

जानेवारीतही थंडी असते, फक्त गवत पिवळं पडलेलं आणि पाणी कमी. संक्रांतीला येवल्याला पतंग बघायला जा, तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं आणि जवळच अंकाई-टंकाई या किल्ल्यांची जोडगोळी चढून होते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरात संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. राज्यभरातून दिंड्या भर थंडीत चालत येतात. दिंडीबरोबर चालायचं असेल तर त्याहून चांगला योग नाही, पण ब्रह्मगिरी-अंजनेरीचा बेत असेल तर ते दोन-तीन दिवस टाळा, रस्ता वारकऱ्यांसाठी मोकळा राहू द्या. ही एकादशी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, तेव्हा बुकिंग करण्याआधी कालनिर्णय उघडून बघा.